टबातलं गढूळ पाणी : पाय धुणाऱ्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अनेक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. बारा जण खुर्च्यांवर ओळीने बसतात, फादर किंवा पाळकसाहेब कमरेला टॉवेल बांधतात, तांब्याने पाणी सोडतात, पुसतात. दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. बाराही जण घरून पाय घासूनपुसून आलेले असतात. एखाद्याने तर पावडरही लावलेली असते. विधी खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातल्या रात्री, येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा, जे पाय पुढे आले, ते रस्त्याच्या धुळीतून चालून आलेले होते. त्या गंगाळातलं पाणी नक्की गढूळ झालं असणार. कुष्ठवसाहतीच्या ओट्यावर तुमच्या टबातलं पाणी दर आठवड्याला तसंच गढूळ होतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आभार कशाचे, ते नेमकं सांगायला हवं. ‘आपल्या निःस्वार्थ सेवेबद्दल’ एवढं लिहून शाल-श्रीफळ दिलं की सत्कार उरकतो, पण तुम्ही काय करता ते कोणालाच कळत नाही.

पहिले आभार थंड पाण्याचे. सेवेला आलेला नवखा माणूस हमखास पाणी कोमट करायला निघतो, कारण प्रेम म्हणजे ऊब असं त्याच्या मनात असतं. तुम्ही त्याचा हात धरता. ज्या तळव्याला संवेदना नाही त्याला कोमट आणि कढत यातला फरक कळत नाही. कातडी भाजून फोड येईपर्यंत माणूस पाय टबात ठेवून गप्पा मारत बसेल. म्हणून साधं, न तापवलेलं पाणी. घोट्याच्या वर येईल इतकं. वेळ वीस मिनिटं ते अर्धा तास, घड्याळ लावून. त्यात मीठ नाही, डेटॉल नाही, कडुलिंबाचा पाला नाही.

हे भिजवणं कशासाठी, तेही तुम्ही प्रत्येकाला समजावता. कुष्ठरोगात घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस खराब झाली की तळव्याची संवेदना जाते आणि त्याबरोबर घामही जातो. घाम नसलेली कातडी उन्हाळ्यातल्या शेतासारखी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात, भेगेत माती जाते, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर मैलभर चालतो. बोटं ‘झडतात’ ती अशी. रोगाने मांस सडतं, हा समज खोटा होता. 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते दाखवून दिलं: बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी, भाजण्याने, दाबाने आणि त्यात होणाऱ्या जंतुसंसर्गाने. रात्री उंदराने कुरतडलेलंही कळत नाही. ज्याला दुखत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी दुखणं लक्षात ठेवायचं असतं, आणि तुमच्या कामाचा गाभा आम्हाला तरी तोच दिसतो.

पाय भिजले की वजरी. कडक झालेला घट्टा आणि भेगेची सुकलेली कड तेवढी घासायची, गोल गोल, हलक्या हाताने. ब्लेड नाही, कात्री नाही, न्हाव्याचा वस्तरा तर नाहीच. घट्टा का काढायचा? कारण तो बुटातल्या खड्यासारखा खालच्या मऊ मांसावर दाब देत राहतो आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत जखम तयार होते. घट्ट्याखाली काळपट-लाल ठिपका दिसला की तुम्ही वजरी खाली ठेवता आणि वही उघडता. हे थांबणं शिकायला लोकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. उत्साही सेवक घासतच राहतो.

मग तेल. इथेही चूक ठरलेलीच: पाय खसाखसा पुसून कोरडे करायचे आणि मग तेल चोळायचं. तेल कातडीला पाणी देत नाही, आत मुरलेलं पाणी अडवून धरतं. म्हणून पाय टबातून काढून मिनिटभर निथळू द्यायचा आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं. बोटांच्या बेचक्या मात्र कापडाने टिपून कोरड्या करायच्या, तिथे तेल नाही, नाहीतर चिखल्या होतात.

(एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण हे वाचून कोणीतरी घरी टब काढेल. मधुमेही माणसाच्या पायाला हा नियम लावू नये. त्यांचे पाय रोज धुवायचे, पण भिजत ठेवायचे नाहीत, आणि चांगले कोरडे करायचे. बधिर पाय दोन्हीकडे दिसतो, पण कारण वेगळं असलं की काळजीही थोडी बदलते. तपासणी मात्र तीच, रोजची.)

तपासणीबद्दल तर वेगळं पत्र लिहावं. तुम्ही डोळ्यांआधी हाताची मागची बाजू वापरता. दोन्ही पायांवरून एकाच वेळी फिरवता, कारण एका पायाचा एखादा भाग दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी चाललंय, कातडी अखंड असली तरी. मग वहीत पायाचा आराखडा, त्यावर खूण, जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, तारीख. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत तक्रार आली होती की ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी त्यावर प्रीतीचं प्रवचन दिलं नाही. मंडळीला चांगल्या नावाची सात माणसं निवडायला सांगितलं आणि ते काम त्यांच्याकडे सोपवलं. कोणाला मिळालं, कोण राहिलं, याचा हिशोब ठेवणं हेही प्रीतीतच येतं. तुमची दोनशे पानी वही आम्हाला त्या सात जणांची आठवण करून देते.

जखम झाली असेल तर तुमचं औषध एकच आणि सगळ्यात महाग: विश्रांती. साबण-पाण्याने धुवायची, उकळून वाळवलेलं सुती कापड बांधायचं, आणि त्या पायावर वजन टाकायचं नाही. हळद दाबून भरायची नाही, कारण मग जखम किती खोल आहे ते दिसतच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज ओतायचं नाही. फेस येतो तेव्हा साफ होतंय असं वाटतं, पण नवी येणारी पेशीही त्यात मरते. तळव्याची साधी जखम दाब काढला तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरते. दाब तसाच राहिला तर कोणत्याही मलमाने भरत नाही. पण विश्रांती घ्या म्हणणं सोपं आहे. जो दिवसभर भंगार वेचतो किंवा मजुरीला जातो, त्याने सहा आठवडे बसून खायचं काय? मंडळीच्या दानपेटीचा खरा उपयोग इथे आहे, हे तुम्ही आमच्या गळी उतरवलंत. नाताळातली चौथी चादर देण्यापेक्षा त्या सहा आठवड्यांचा किराणा भरा, असं तुम्ही समितीला स्पष्ट सांगितलंत. आधी कोणाला रुचलं नाही.

दुर्गंधी, पू, घोट्याच्या वर चढलेली सूज, ताप, किंवा जखमेत हाड लागणं, यातलं काहीही दिसलं की तुम्ही हात मागे घेता आणि दवाखान्याची गाडी बोलावता. नव्याने हातापायात जोर कमी झाला, नस दुखायला लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. कारण नुकतीच झालेली नसेची इजा, साधारण सहा महिन्यांच्या आतली, वेळेवर स्टेरॉइड मिळालं तर भरून येण्याची शक्यता असते. नंतर ती वेळ गेलेली असते. प्रार्थनेने बरं होईल म्हणून थांबवून ठेवणारेही भेटतात. तुम्ही प्रार्थना गाडीत बसल्यावर करता.

चपलांचंही सांगायला हवं, कारण दान म्हणून सगळ्यात जास्त चुकीची येणारी वस्तू तीच. अंगठ्याच्या पट्ट्याची स्लीपर बधिर पायाला कामाची नाही; ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि पायातून निसटली तरी कळत नाही. हवा तो आत मऊ मायक्रोसेल्युलर रबर, खाली काटा-काच आत न जाऊ देणारा कडक तळ, मागे पट्टा, आणि लावायला वेल्क्रो, कारण वाकड्या बोटांनी बक्कल लागत नाही. खिळा एकही नको, सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. नवी जोडी पहिल्या दिवशी एक-दोन तासच, मग काढून पाय बघायचा. रोज घालण्याआधी उपडी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. हातही बधिर असेल तर दुसऱ्या कोणाचा तरी. मऊ थर दाबून चपटा झाला की चप्पल वरून कितीही छान दिसो, बदलायची.

भीतीबद्दल थोडंच. वसाहतीतले बहुतेक जण कित्येक वर्षांपूर्वी औषध घेऊन बरे झालेले आहेत. वाकडी बोटं हा जुन्या नसेचा मागे राहिलेला व्रण आहे, तो लागत नाही. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत तेही बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग पसरवत नाहीत, आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. म्हणून अखंड कातडीच्या पायाला तुम्ही उघड्या हाताने स्पर्श करता, आणि उघडी जखम असेल तर हातमोजे घालता, जसे कोणाच्याही जखमेला घालाल. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूने ‘कुष्ठी’ म्हटलेल्या माणसाला आधी स्पर्श केला, मग तो शुद्ध झाला. हा क्रम प्रवचनात हमखास निसटतो. आणि एक विनंती आमच्या पाळकवर्गाला, तुमच्या वतीने: व्यासपीठावरून ‘पापाचा महारोग’ म्हणणं आता बंद करा. लेवीयच्या पुस्तकातला तो शब्द कापडाला आणि घराच्या भिंतीलाही लागू होतो. तो हाच आजार असं धरून चालता येत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला मात्र तो शब्द बरोबर लागतो.

तुमची रीतही लिहून ठेवायला हवी. पाय हातात घेण्याआधी “बघू का, बाबा?” असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. तो पाटावर बसला असेल तर आपण जमिनीवर, त्याच्यापेक्षा उंच नाही. मोबाईल पिशवीत. फोटो नाही, वृत्तांतासाठीसुद्धा नाही. आणि पाय मांडीवर असताना सुवार्ता सांगायची नाही; ज्याचा पाय आपल्या हातात आहे त्याला उठून जाता येत नाही, त्याची ती अडचण वापरायची नाही. त्याने विचारलं तर सांगायचं. काम झालं की त्याच्या घरचा चहा प्यायचा, त्याच्याच कपातून. समितीतले कितीतरी जण पाय धुवायला तयार होतात आणि चहाला ‘आत्ताच झाला’ म्हणतात. घेणं देण्यापेक्षा अवघड असतं. त्या रात्री येशूच्या शिष्याला, पेत्रालाही, पाय पुढे करणंच जड गेलं होतं.

शेवटचे आभार तुमच्या माघारीचे. पहिले काही आठवडे तुम्ही करता, पुढे वजरी त्याच्याच हातात देता. बोटं वाकडी असतील तर तिच्या मुठीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करता, तळवा दिसावा म्हणून लाकडी दांड्याला आरसा ठोकता. ज्यांची दृष्टी गेलीय त्यांची जोडी चांगल्या नजरेच्या शेजाऱ्याशी लावता: एक बघतो, दुसरा घासतो. येशूने त्या रात्री पाय धुवायला सांगताना ‘एकमेकांचे’ म्हटलं होतं. आम्ही इतकी वर्षं तो शब्द सोडून उरलेलं वाक्य वाचत होतो. आता वसाहतीच्या ओट्यावर काही जोड्या तुमची वाट न पाहता टब भरून बसतात, आणि तुम्ही तिथे पोचलात की “आज काय काम काढलंत?” असं विचारतात.

आपली,
मंडळीची सेवा समिती

ता. क. : पावसाळ्यासाठी बारा प्लास्टिकचे टब, तीस वजऱ्या आणि सुती कापडाचे दोन गठ्ठे भांडारात ठेवले आहेत. टबांच्या कडा हाताने चाचपून पाहिल्या. दोन धारदार निघाले, ते परत केले. चपला आणलेल्या नाहीत. मापं घ्यायला कधी येऊ ते कळवा, कागद-पेन्सिल आम्ही घेऊन येऊ.