भाकरी एकच, रिपोर्ट दोन

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ग्लुटेन-फ्री खाण्यावर (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं एक प्रोटीन) लेख आला होता, चांगला होता, पण "लेबल वाचूनच घ्या" म्हणून संपला. ते लेबल ज्या टेस्टच्या भरवशावर छापतात तिच्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

आमचा सोलापुरात बचत गट आहे, ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतो. सिलिअ‍ॅक असलेल्या, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या मुलांच्या आया फोन करून विचारायला लागल्या तेव्हा पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापू म्हटलं. ज्वारीत ग्लुटेन नसतंच, पण गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले असले की पिठात उतरतं. एफएसएसएआयचा (खाण्याच्या मालाचे नियम करणारी सरकारी संस्था) नियम किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असा आहे. एकाच घाण्याचा माल दोन लॅबला पाठवला, दोन्ही एनएबीएलवाल्या (म्हणजे सरकारमान्य तपासणीचा शिक्का असलेल्या), तर एकीचा रिपोर्ट "आढळले नाही" आणि दुसरीचा किलोमागे 34 मिलिग्रॅम. आता छापायचं की नाही? फोन केला तर दोघीही म्हणतात आमचं बरोबर. आणि खरं सांगू का, दोघीही खोटं बोलत नसतील.

गहू सगळ्या पिठात सारखा पसरलेला नसतो, एका पाकिटात असतो नि शेजारच्यात नसतो, त्यात एक लॅब एका भाकरीचा तुकडा घेणार आणि दुसरी चार पाकिटं एकत्र दळून त्यातलं घेणार, मग आकडे जुळतील कसे? पुढे एलायझा किट, म्हणजे ग्लुटेन मोजायची तयार टेस्ट. त्यातली अँटिबॉडी (चिकटून पकडणारं द्रव्य) ठराविक प्रोटीन पकडते, पण प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, प्रोटीन बाहेर काढायचं द्रावण वेगळं, ज्याच्याशी तुलना करायची ते स्टँडर्डही वेगळं. भाजलं की प्रोटीनचं रूप बदलतं, नीट सुटून येत नाही, आणि आमची भाकरी तर कडक होईपर्यंत भाजलेली. आंबवलेल्या पदार्थात प्रोटीनचे बारीक तुकडे होतात, तिथे नेहमीच्या प्रकारचं (सँडविच) एलायझा कमी दाखवतं, बारीक तुकडेही पकडणारं (कॉम्पिटिटिव्ह) लागतं. अ‍ॅलर्जीसाठी शेंगदाणा मोजतात त्याची तर वेगळीच तऱ्हा, कोणी आकडा शेंगदाण्याचा देतं, कोणी शेंगदाण्यातल्या प्रोटीनचा, आणि दाण्यात प्रोटीन साधारण पाव हिस्सा, म्हणजे आकड्यात सरळ चौपट फरक!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 2015 मध्ये ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडला, आणि बदामाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्याचा धोका, म्हणून माल बाजारातून परत मागवला, खूप गाजलं होतं. नंतर गव्हर्नमेंट केमिस्टच्या (वादाच्या नमुन्यांचा निवाडा करणाऱ्या तिथल्या सरकारी तज्ज्ञाच्या) लॅबने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वजन करून ओळखणाऱ्या मशीनने बघितलं तर तो बदाम नव्हताच, महलेब नावाच्या जंगली चेरीच्या बिया होत्या, बदामाच्याच कुळातल्या, किट फसलं. पण त्याच वेळच्या पॅप्रिकाच्या (लाल मिरचीच्या पुडीच्या) केसमध्ये मात्र खरंच बदाम निघाला, त्यामुळे किट फसतात म्हणून सोडूनही देता येत नाही.

जपानने 2002 पासून अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची तपासणी बरीच सरळ केलीय. सरकारी पद्धत ठरलेली, दोन वेगवेगळ्या किटने तपासायचं, स्टँडर्ड मात्र एकाच पद्धतीने बनवलेलं, आणि प्रोटीन ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर कारखान्याची कागदपत्रं बघून पीसीआर (डीएनए शोधणारी टेस्ट) नाहीतर वेस्टर्न ब्लॉटने (प्रोटीन ओळखायची दुसरी टेस्ट) खात्री करायची. (अंड्याला पीसीआर चालत नाही, कोंबडीचा नि अंड्याचा डीएनए एकच.) आपल्याकडे 2020 च्या लेबलिंग नियमांत शेंगदाणा, दूध, अंडं, सोया सगळं जाहीर करायला सांगितलंय, पण ग्लुटेन नि सल्फाइट (माल टिकवायला घालतात ते) सोडलं तर किती असलं की धोका याचा आकडाच नाही. तीळ तर यादीतच नाही, आणि संक्रांतीला आपण गावभर तीळगूळ वाटतो!

आमचं म्हणणं एवढंच की रिपोर्टवर किट कोणतं, नमुना किती नि कसा घेतला, आकडा कशाचा आणि किटला कमीत कमी किती मोजता येतं हे छापणं सक्तीचं करा. नुसतं "आढळले नाही" म्हणजे कितीच्या खाली? आणि एफएसएसएआयने भाकरी, फरसाण, हिंग (मैदा घातलेला असतो बऱ्याच हिंगात), मसाले असे आपल्या खाण्यातले ठराविक नमुने बनवून सगळ्या लॅबना न सांगता पाठवावेत आणि कोणाचं किती चुकलं ते नावासकट जाहीर करावं. परदेशी बिस्किटाच्या नमुन्यावर पास झालेली लॅब आमच्या भाकरीवर पास होईलच असं नाही. खर्च लॅबना वाढेल, मान्य, पण तो आमच्यासारख्यांच्या फीवर टाकू नका, एका टेस्टमध्येच आमचा आठवड्याचा नफा जातो.

तूर्त पाकिटावर आम्ही काहीच छापलेलं नाही, फोन आला की दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवतो. तुमच्या वाचकांत लॅबमधलं कोणी असेल तर त्यांनी तुमच्याच पेपरात उत्तर द्यावं, की आमच्यासारख्यांनी कोणता रिपोर्ट धरायचा.

आपली एक वाचक, सोलापूर