नाव न सांगता गेलेल्यांनो, आभार!

ऑगस्ट २०१९. पंचगंगेला महापूर, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. कोल्हापुरातल्या आमच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यातल्या पोरापोरींनी लाठ्या भिंतीला लावल्या आणि मदतीची पोती उचलली. कौतुक आमचं झालं. पोती भरणाऱ्यांचे आभार मात्र राहून गेले.

महामार्ग बंद, पेट्रोलची मारामार. तरी टेम्पोभर ओला चारा घेऊन आलेले ते दादा. भाडं विचारलं तर म्हणाले, "आधी जनावरांच्या तोंडात पडू दे." साड्या देणाऱ्या मावशी: प्रत्येक घडीत परकर आणि ब्लाउजपीस आठवणीनं घातलेला. (फाटके कपडे पाठवणाऱ्यांचेही आभार मानायला हवेत, पण जीभ रेटत नाही.) आणि छावणीतल्या आजी, अंगावरच्या लुगड्यानिशी आलेल्या, तरी आमच्या मुली जेवल्या का हे विचारत फिरणाऱ्या.

दांडपट्टा शिकवताना वस्ताद ओरडायचे, "पट्ट्याकडं काय बघतोस? समोरच्याकडं बघ!" खेळाचं वेड आम्हाला होतंच; समोरच्याकडं बघायचं म्हणजे काय, हे तुम्ही दाखवलंत.

हे वाचत असाल तर एखाद्या रविवारी सकाळी आखाड्यात या. लाठी फिरवायला शिकवू, आणि मिसळ आमच्याकडून.