सुतारकाकांना, उशिरा का होईना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर भेटलात की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आमच्या विशेष मुलांच्या वर्गासाठी लाकडी आकार करून घ्यायला आले, तेव्हा माझ्याकडे यादी होती. वर्गातल्या पुठ्ठ्याच्या आकारांसारखीच: त्रिकोण लाल, चौरस निळे, गोल पिवळे. ती वाचून तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि विचारलंत, "बाई, मग पोरं आकार ओळखणार की रंग?" मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागेना. वर्गातला एक मुलगा डब्याच्या लाल झाकणाला त्रिकोण म्हणायचा, आणि मी त्याच्या वहीत 'सराव कमी' असा शेरा मारून मोकळी झाले होते.

यादी फाडली. तुम्ही सगळे आकार एकाच लाकडाचे, एकाच जाडीचे, बिनरंगाचे केलेत. त्रिकोण तर न सांगता नाना तऱ्हांचे: एक पाचरीसारखा निमुळता, एक काटकोन तपासायच्या गुण्यात चपखल बसणारा, एक इतका पसरट की क्षणभर मीच अडखळले. नेदरलँड्सच्या पिएर आणि डिना व्हान हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली मांडलं होतं, की मूल आधी आकार एकंदर रूपावरून ओळखतं. बाजू आणि कोन यांच्याकडे लक्ष नंतर जातं. परीक्षेपुरतं हे मला तोंडपाठ होतं. फळ्यावर मात्र वर्षानुवर्षं एकच त्रिकोण काढत आले, पाया खाली, टोक वर. उलटा धरला की मुलं म्हणायची, "हा पडलाय."

सगळ्यात जास्त आभार त्या खड्ड्याचे. आमची एक मुलगी, तिला दिसत नाही, चौरसाचे कोपरे मोजताना पाच, सहा, सात करत फिरतच राहायची. मला वाटे, तिला मोजणं जमत नाही. तुम्ही थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत बसलात आणि म्हणालात, "कुठून निघालो तेच तिला कळत नाहीये." मग गिरमिटाने एका कोपऱ्यापाशी बोटाचं टोक टेकेल एवढा उथळ खड्डा पाडलात, काचकागदाने घासून दिलात. तिने डावं बोट तिथे रोवलं, उजवं कडेने फिरवलं. एक, दोन, तीन, चार, आणि बोटाला बोट लागलं. पुढे गोल हातात आला, तेव्हा दोन फेऱ्या मारून ती वैतागून म्हणाली, "याला नाहीतच!"

आता एक तक्रार. तुमचा चौरस चांगला जाड आहे. लाल झाकणवाला तो मुलगा परवा तो उभा धरून कडेवर बोट ठेवून म्हणाला, "आयत." बरोबरच आहे की त्याचं. आता त्याला पुढे काय सांगू, ते विचारायला पुढच्या आठवड्यात येते आहे.

तुमची,
आकारांच्या वर्गातली बाई