'वू' म्हणजे पटवणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतलं 'वू' (woo) हे क्रियापद दिसलं की मराठीत डोळे झाकून 'पटवणं' लिहून मोकळं व्हायचं, हे आता बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. क्लासच्या नोट्समध्ये तेच, बातम्यांच्या भाषांतरात तेच, आणि तुमच्या पेपरच्या इंग्रजी शिका सदरातही परवा तेच छापून आलं म्हणून हे पत्र.

पटवलं म्हणजे काम झालं, समोरचा माणूस हो म्हणाला. 'वू'मध्ये तसं काहीच झालेलं नसतं, तिथे फक्त प्रयत्न आहे, एखाद्याचं मन आपल्याकडे वळावं म्हणून धीराने आणि आदराने केलेला. त्याने तिला वर्षभर वू केलं पण तिने नकार दिला, हे वाक्य इंग्रजीत एकदम बरोबर आहे. तेच 'त्याने तिला वर्षभर पटवलं पण तिने नकार दिला' असं म्हणून बघा, वाक्य तिथेच लंगडतं. म्हणून तर यश सांगायचं असेल तेव्हा इंग्रजी माणूस पुढे आणखी एक क्रियापद जोडतो, 'वूड अँड वन', म्हणजे आधी आर्जव केलं आणि मग मन जिंकलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच दोन शब्द लागतात ना. शिवाय पटवण्याला चलाखीचा, गंडवण्याचा एक वास येतो तो वेगळाच.

शब्द जुना आहे, जुन्या इंग्रजीत तो 'वोगियन' असा होता आणि त्याच्याही मागचं मूळ भाषातज्ज्ञांना नक्की लावता आलेलं नाही. त्याचा भाऊ शोभेल असा 'कोर्ट' हा शब्द मात्र सरळ राजदरबारातून आला, दरबारी अदबीने वागणं, मर्जी राखणं, आणि साधारण 16व्या शतकापासून प्रियाराधन करणं. पण दोघांत फरक आहे बरं का. 'दे आर कोर्टिंग' म्हटलं की दोघंही एकमेकांत गुंतलेत, तर 'वू' एकाच बाजूने होतं आणि त्याला बहुतेक वेळा कर्म लागतं. तेही थेट, 'वू हर', मधे 'टू' घालायचं नाही. पूर्वी कर्ता बहुतेक पुरुषच असायचा, आता कोणीही कोणालाही वू करू शकतं. 'प्रपोज' एका क्षणात होतं, वू करायला दिवस लागतात. आणि 'फ्लर्ट'मध्ये मनात काही गंभीर असायलाच हवं असं नाही, इथे असावं लागतं.

बातम्यांत हा शब्द इतका दिसतो कारण रोमन लिपीत तो तीनच अक्षरांचा, मथळ्यात पटकन बसतो. पक्ष मतदारांना वू करतात, सरकारं गुंतवणूकदारांना. आता मतदान व्हायचंय आणि आपण लिहिणार 'मतदारांना पटवलं', मग निकाल कशाला लावायचा! मराठीत मनधरणी आहे, आर्जव आहे, अनुनय आहे, मतदारांना साद घालणं आहे, गुंतवणूकदारांसाठी पायघड्या आहेत, एवढं सगळं हाताशी असताना एकच शब्द का रेटायचा? आणि 'कोर्ट डिझास्टर' दिसलं तर तिथे प्रेमबिम काही नाही, संकट ओढवून घेणं एवढाच अर्थ.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळंच. तरुण मुलं हा अर्थ पाठ करतात आणि त्यांच्या डोक्यात बसतं की मागे लागलं की समोरची व्यक्ती पटतेच, पटायलाच हवी. 'वू'मध्ये निर्णय समोरच्याच्या हातात असतो. स्पष्ट नाही म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, वाट अडवणं, ह्याला इंग्रजीतही कोणी सरळ मनाने वू म्हणणार नाही, त्याला 'हरॅस' म्हणतात, 'स्टॉक' (stalk) म्हणतात, आणि आपल्याकडेही पिच्छा पुरवणं, छळणं हे शब्द आहेतच की.

तेव्हा सदर लिहिणाऱ्यांना एक विनंती, पुढच्या भागात दुरुस्ती छापा. 'मन जिंकण्याचा प्रयत्न करणं' असं लिहा, लांब झालं तरी चालेल, आणि प्रेमाच्या संदर्भात 'प्रियाराधन करणं'. सोबत एक वाक्य असं द्या ज्यात वू केलंय आणि उत्तर 'नाही' असं आलंय.

आपला,
एक नियमित वाचक