केळ्यांची फळी कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पाव पान भरून ओरांगउटान या मोठ्या वानराचा फोटो छापलात. मादी, तिच्या कुशीत पिल्लू, मागे सगळं धूसर हिरवं. खाली ओळ : 'बोर्निओच्या निबिड अरण्यात नजरानजर'. फोटो झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पिल्लाच्या कोपराखाली करवतीने कापलेल्या फळीची बोटभर कड आलीय. ती फळी मी लगेच ओळखली, कारण ओरांगउटानना केळी घालायच्या तसल्याच फळीसमोर मीही उभा होतो. आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर मीही ती कापून टाकली होती.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. कॅमेऱ्याचा नाद जुना, पण तो भिगवणच्या पाणपक्ष्यांपलीकडे कधी गेला नव्हता. 2019 च्या ऑगस्टमध्ये भविष्य निर्वाह निधीतले पैसे मोडून बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यानात गेलो. मुंबईहून जकार्ता, तिथून लहान विमानाने पांगकालान बून, मग कुमाई बंदरावरून लाकडी होडी. तिला 'क्लोटोक' म्हणतात; इंजिन तसाच आवाज करतं म्हणून. दोन रात्री तिच्याच डेकवर मच्छरदाणीत झोपलो. सेकोन्यर नदीचं पाणी आधी गढूळ, आपल्या पावसाळ्यातल्या मुठेसारखं. कॅम्प लीकी या ओरांगउटानच्या केंद्राकडे जाणाऱ्या फाट्याला वळलं की ते एकदम कोऱ्या चहासारखं होतं. खाली पीट आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा हजारो वर्षांचा थर. त्याचाच रंग पाण्यात उतरतो. हाच थर कालवे खणून वाळवला की पेटतो, आणि पेटला की आठवडेच्या आठवडे विझत नाही. 2015 च्या आगीत इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली, तिच्यात या उद्यानाचाही भाग होता.

कॅम्प लीकी बिरुटे गाल्डिकास यांनी 1971 मध्ये सुरू केला. पिंजऱ्यांतून, घरांतून सोडवून आणलेली पिल्लं तिथे वाढवून जंगलात सोडली. ती आणि त्यांची पोरंबाळं अजूनही ठरल्या वेळी फळीवर येतात. कर्मचारी पाठीवरून केळी आणून ओततात, तोंडाने लांब हाळी देतात, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही तीसचाळीस जण कॅमेरे रोखून बसतो. यात लपवण्यासारखं काही नाही. जंगलात फळं कमी असतात तेव्हा या जनावरांना आधार होतो आणि उद्यानाला चार पैसे मिळतात. लपवतो ते आपण, फोटो कापताना.

आता माझी लाज सांगतो. विमानातल्या एसीने मला सर्दी झाली होती. ओरांगउटानला माणसाची सर्दी, फ्लू, क्षय सगळं लागतं, म्हणून आजारी माणसाने जवळ जायचं नाही, हे वाटाड्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तापाची गोळी घेतली आणि गप्प बसलो. इतके पैसे घालून आलोय, होडीत बसून राहू? परतताना पायवाटेवर एक मादी पिल्लाला घेऊन समोरून चालत आली. सगळे मागे सरले. मी गुडघा टेकून बसलो, तीन फ्रेम घेतल्या, आणि चौथीच्या वेळी शिंक आली. वाटाड्याने माझ्या पाठपिशवीला धरून मला मागे ओढलं. काही बोलला नाही, पण संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. ती मादी जेमतेम चार मीटरवर होती. तिचं पुढे काय झालं, मला कळायचा मार्ग नाही. ओरांगउटानच्या मादीला एक पिल्लू झालं की पुढचं व्हायला सात-आठ वर्षं जातात, हे मी नंतर वाचलं.

खरं रानातलं जनावर तिसऱ्या दिवशी पहाटे दिसलं. नदीकाठच्या झाडावर पंचवीसेक मीटर उंच, रात्रीचं घरटं सोडून निघालेलं. हे घरटं रोज नवं, फांद्या वाकवून केलेलं. 400 ची लेन्स, आयएसओ 3200, लेन्सवर बाष्प, मागे पांढरं आभाळ. वर बघून फोटो काढला की असं जनावर काळं ठिक्कर येतं. एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, वाढवला तर पानं पांढरी फटक पडतात. घरी हिला दाखवला तर म्हणाली, "ही काय, वाळत घातलेली गोधडी?" सोसायटीच्या कॅलेंडरवर अर्थातच चार मीटरवाली आली.

मग फोटो चांगला यावा कसा? 2016 मध्ये टिम लेमन यांच्या ज्या छायाचित्राला 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' किताब मिळाला, तेही बोर्निओतल्याच गुनुंग पालुंगचं. ओरांगउटान जिथे फळं खायला येतो त्या झाडावर त्यांनी आधीच दोराने चढून छोटे कॅमेरे बांधले आणि खाली जमिनीवरून बटण दाबलं. केळं नाही, हाळी नाही. हे सगळ्यांना जमणारं नाही, मला तर नाहीच. पण जमत नसेल तर गोधडी छापावी.

ओळ काय लिहितो याला महत्त्व असतं. 2020 च्या फेब्रुवारीत केरळच्या अनिल प्रभाकर यांचा एक फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता : कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस आणि त्याला हात पुढे करणारा ओरांगउटान. आमच्या गटात तो 'बुडणाऱ्याला वाचवलं' म्हणून फिरला. तो माणूस बुडत नव्हता. संरक्षित क्षेत्रातला कर्मचारी होता, पाण्यातले साप हटवत होता. आणि त्याने तो हात धरला नाही, जनावर रानटी आहे म्हणून बाजूला झाला. माझ्या लेखी त्या फोटोतली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच, आणि नेमकी तीच ओळीतून गळाली.

पुणेकरांना तर हे प्राणी परके नाहीत. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची ओरांगउटान होती. 2003 मध्ये तिला ओडिशात नंदनकाननला हलवलं, 2019 च्या मे महिन्यात 41 वर्षांची होऊन ती तिथेच वारली. देशातली ती एकुलती एक होती. माझी मुलगी लहानपणी तिला हात हलवायची. अशा गोड आठवणींचीच दुसरी बाजू म्हणजे 'पाळायला मिळेल का?' रानातलं पिल्लू हवं तर आधी आई मारावी लागते, ती जिवंतपणी सोडत नाही. मिठीतल्या पिल्लांचे फोटो छापताना हे कुठेतरी आलं पाहिजे.

ज्याच्यासाठी रान तोडलं जातं त्या पामतेलाचंही एक वाक्य लिहितो, दोन नको, कारण आपणच जगातले सर्वांत मोठे आयातदार आहोत. 2022 च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा'च्या पिशवीत रवा, साखर, चणाडाळीसोबत एक लिटर पामतेल होतं, ज्याच्या घरी ते गेलं त्याला मी नावं ठेवणार नाही, पण विमान पांगकालान बूनला उतरताना खिडकीतून शेवटपर्यंत एकसारख्या ओळी दिसतात त्या याच झाडांच्या. 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. शिकार हेही त्यातलं मोठं कारण आहे, सगळं तेलावर ढकलता येत नाही.

माझी विनंती साधी आहे. वन्यप्राण्याचा फोटो छापताना पाठवणाऱ्याला विचारा : जनावर रानातलं, पुनर्वसित की पिंजऱ्यातलं? खायला घातलं होतं का? फोटो काढणारा किती अंतरावर होता? आणि उत्तर फोटोखाली छापा. भिगवणला शेव-गाठी उधळून गोळा केलेल्या कुरव पक्ष्यांनाही हाच नियम लावा, तिथले माझे फोटोही त्यात सापडतील. फोटो कमी येतील, हे मान्य.

सोबत दोन फोटो जोडले आहेत. एक गोधडीचा. दुसरा फळीवरचा, मूळचा, न कापलेला. छापायचा झाला तर अख्खा छापा : फळी, केळ्यांचा ढीग आणि दोरीसकट. डाव्या कोपऱ्यात पुढच्या माणसाची टोपी आलीय, तीही राहू द्या.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सिंहगड रस्ता, पुणे