तुपाविषयी थोडे सविस्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुपाने पोळी-भातापेक्षा जास्त ताकद मिळते, असे तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या मंडळींचे ऐकून तुम्ही पोळी-भात बंद केला आणि सकाळच्या चहात दोन चमचे तूप घालू लागलात, असे आईकडून कळले. मागच्या खेपेस नौपाड्याच्या घरी आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून श्वास घेत थांबलेले तुम्हाला मी पाहिले आहे. म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे.

तुपाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात आणि भात-भाकरीतल्या पिष्टाच्या ग्रॅममधून ४, हे खरे. पण तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला प्राणवायू जास्त लागतो, आणि जिना चढताना तर प्राणवायूचीच ओढाताण असते. क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलद चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंना सुमारे तीन आठवडे असाच, भरपूर चरबीचा आणि अगदी कमी पिष्टाचा आहार देऊन पाहिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेळाडूंची चरबी जाळण्याची क्षमता वाढली, परंतु तोच वेग राखायला प्राणवायू अधिक लागू लागला आणि सरावाचा फायदा शर्यतीत दिसला नाही. ऐन उमेदीतल्या खेळाडूंची ही गत आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत, मध्यम वयापासून असा आहार मोजून दिलेल्या उंदरांची हालचाल म्हातारपणीही चांगली टिकल्याचे आढळले, हेही मी लपवत नाही. मात्र ते उंदीर होते, आणि त्यांना घास मोजून मिळत होता.

तुमच्या वयात खरी चिंता स्नायू झिजण्याची आहे. ते टिकवायला प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम लागतो. तुपात प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यामुळे तुपाने पोट भरून वरण, उसळ आणि दही कमी झाले, तर पायांतले बळ आणखी घटेल. आई, एक भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ त्यांच्या ताटात पुन्हा वाढ. तूप वरणावर चमचाभर पुरे.

आणखी एक, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचे. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना पोळी-भात अचानक सोडल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा आहार, काहीही बदलू नका. मी शनिवारी नेरुळहून येते. त्यांची वेळ घेऊन ठेवा, आपण तिघेही जाऊ.

तुमची,
ताई