पोरं टिकत नाहीत म्हणतोस, त्यावर

पुणे,
रविवार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला. फोन केला असता तर तू दर वाक्याला "हो रे, पण" करून मला तोडलं असतंस, म्हणून हे पत्र. तुझ्या वर्कशॉपमध्ये दुसरं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन येतंय, दोन शिफ्ट चालवायच्यात, चौदाची वीस-बावीस माणसं होणार आणि पोरं तर तीन महिनेही टिकत नाहीत. भोसरीत कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की हेच ऐकू येतं. टिकण्याचं नंतर बघू. आधी तू माणूस घेतोस कसा ते बोलू.

तू ज्याला मुलाखत म्हणतोस तो पाहण्याचा कार्यक्रम असतो. गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात, लग्न झालंय का, आधीची नोकरी का सोडली. दहा मिनिटांत तू म्हणतोस, "पोरगा बरा वाटला." बरा वाटतो तो बोलायला. मशीनवर तो काय करतो याचा त्यात पत्ताच नसतो.

1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. काम करून दाखवायची चाचणी अगदी वरच्या रांगेत आली. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली, आणि नुसती अनुभवाची वर्षं बरीच खाली गेली. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आकडे नव्याने तपासले. बहुतेक पद्धतींचे आकडे उतरले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिल्या नंबरवर गेली. आणि आपण जाहिरातीत पहिलं काय लिहितो? 'किमान पाच वर्षे अनुभव.'

आमच्याकडे चाकणला ऑपरेटर घेताना मी काय करतो ते सांगतो. टेबलावर लेथवर टर्न केलेला एक बुश (धातूची छोटी नळी), त्याचं ड्रॉइंग, व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि एक फडकं. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 25 h7, म्हणजे 25.000 ते 24.979 मिलिमीटर. एकूण मोकळीक एकवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एकवीस हजारांश. मी एवढंच म्हणतो, "बघ, ओके आहे का." आणि गप्प बसतो. मागे एक जण आला होता, सहा वर्षांचा अनुभव, तोंडात मशीनच्या सगळ्या कंट्रोलरची नावं. त्याने व्हर्निअर लावलं आणि ओके म्हणून मोकळा झाला. त्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिलिमीटर. त्याने एकवीस मायक्रॉनचा निकाल लावायचा म्हणजे कमालच. त्याच्यानंतर औंधच्या आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला एक मुलगा आला. आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. त्याने आधी जॉब पुसला, कडेवरून नख फिरवून बर (कापताना राहिलेली धारदार कोर) आहे का पाहिलं, मायक्रोमीटरचा झीरो तपासला आणि तीन ठिकाणी माप घेतलं. मग म्हणाला, "सर, एका टोकाला टेपर आहे." म्हणजे व्यास तिथे निमुळता होतो. होताच. तो जॉब मी रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या पेटीतूनच उचललेला असतो. आज तो मुलगा सेटिंग करतो, म्हणजे मशीन कामाला लावून देतो.

तुझ्याकडे तर रिजेक्शनची ददात नाही! त्यातले दोन जॉब बाजूला काढ. त्यानंतर पाच प्रश्न, सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. 'शिफ्ट संपायला वीस मिनिटं आहेत आणि साइज सरकायला लागली, काय करशील?' अशा धाटणीचे. तू आणि तुझा सुपरवायझर, दोघांनी आपापल्या कागदावर मार्क लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं. नाहीतर मालक "बरा आहे" म्हणाला की सुपरवायझरलाही तो बराच वाटणार. मशीनवर दिवसभर ट्रायल घेतलीस तर त्या दिवसाचे पैसे दे. फुकट ट्रायलवर शिफ्ट भागवणारे शॉप मला ठाऊक आहेत. त्यांचं नाव अख्ख्या एमआयडीसीत झालेलं असतं.

आणि आडनावाचा प्रश्न बंद कर. राग येईल तुला, पण वाच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 मधला अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला जातीयवादी म्हटलं असतं? तू मुद्दाम करतोस असं मी म्हणतच नाही. पण अर्ज चाळताना नावाचा रकाना झाकायला कागदाची एक पट्टी पुरते. मी ठेवतो.

माणसं शोधायची कुठे, तर खांबावरच्या 'पाहिजेत' बोर्डापेक्षा आयटीआयच्या निदेशकांशी ओळख ठेवणं केव्हाही चांगलं. अ‍ॅप्रेंटिस घे. तीस माणसांपासून ते सक्तीचे होतात, चार ते एकोणतीस माणसांच्या शॉपला ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, दरमहा 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. फक्त त्याला स्वस्तातला हेल्पर समजून वर्षभर चिप्स (मशीनखालचा धातूचा कीस) उचलायला लावू नकोस. कामगारांच्या ओळखीने आलेली पोरं चांगली निघतात, कारण आणणाऱ्याची पत पणाला लागलेली असते. पण एकाच गावची आठ आणलीस की गावच्या जत्रेला तुझी शिफ्ट रिकामी. तेव्हा खाडे मोजत बसायचं नाही.

आता टिकण्याचं. पहिलं भांडण पगाराच्या दिवशी होतं, आणि ते बहुतेक वेळा तोंडी हिशेबामुळे. तू सांगतोस अठरा हजार, त्याच्या हातात पडतात पंधरा हजार आठशे पासष्ट. कागदावर मांडून दाखव: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे 1,800. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, 0.75 टक्के, म्हणजे 135. प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. वर हेही सांग की पीएफचे तेवढेच 1,800 आणि ईएसआयचे 585 तू तुझ्या खिशातून भरतोस. हे पोरांना कुणी सांगतच नाही, त्यामुळे त्यांना वाटतं मालकाने कापले. तुला ईएसआय दहा माणसांपासूनच लागू आहे, वीसला पीएफ लागेल, आणि ठेकेदारामार्फत आलेली पोरं त्यात धरली जात नाहीत या भ्रमात राहू नकोस. दहा किंवा जास्त माणसं असताना लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते. ती कागदावर तरी आहे का? की नाही? आणि बायका कामाला येत नाहीत म्हणतोस, तर आधी धड स्वच्छतागृह बांध.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. नेमणुकीचं पत्र आता प्रत्येकाला द्यायचं. सोडून जाणाऱ्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. ठरावीक मुदतीच्या माणसालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी. तुझा सीए सगळं समजावेल, पण दोन दिवसांची गोष्ट तू स्वतः पाळ. गेलेल्या पोराचे पैसे अडकवले की मागे राहिलेले सगळे ते बघत असतात.

सोडून जाणारा कारण सांगतो, "पाचशे जास्त मिळाले." शेवटच्या दिवशी दुसरं कोण काय सांगणार? महिनाभराने चहाला बोलावून विचार. आमच्याकडचा एक चांगला सेटर असाच गेला. नंतर कळलं, दुसरी शिफ्ट रात्री बाराला सुटायची, बस नसायची, आणि तो तळेगाव चौकातून कॉट बेसिसच्या खोलीपर्यंत अंधारात चालत जायचा. त्याला पाचशे वाढवून दिले असते तरी तो गेलाच असता. आम्ही शिफ्ट अर्धा तास अलीकडे घेतली आणि एक टेम्पो लावला. त्यापेक्षाही सोपं म्हणजे जे टिकलेत त्यांना विचार, कशामुळे राहिलास. उत्तरं फार साधी येतात: सुपरवायझर चारचौघांत आईबहिणीवरून बोलत नाही, पगार सात तारखेला होतो, सुट्टी मागितली की हो किंवा नाही लगेच कळतं.

तुझ्या सुपरवायझरचं मात्र मला काही खरं वाटत नाही. हात सोन्याचा आहे, पण तोंड? उत्तम ऑपरेटर होता म्हणून तू त्याला वर चढवलंस, आणि माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलं नाही. नव्या पोराचा पहिला आठवडा त्याच्या हाती देऊ नकोस. एखादा शांत, जुना कामगार जोडीला दे आणि त्याबद्दल त्याला थोडे जास्त पैसे दे. इन्सेंटिव्हचंही एक: नुसत्या नगावर ठेवलास तर रिजेक्शन गुपचूप भंगारात जाईल. चांगल्या नगावर ठेव.

कन्सल्टंट वगैरे नेमू नकोस एवढ्यात. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. येताना ते दोन रिजेक्ट जॉब, त्यांची ड्रॉइंगं आणि मागच्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्यांची नावं घेऊन ये. प्रश्न आपण बसूनच लिहू. वहिनींना नमस्कार, आणि काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
नंदू